घरात कॅलेंडर नाही का?

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. इनबॉक्समध्ये एकच प्रश्न सारखा येतोय, "कोकणात नेमकं कधी जायचं?" कुणाला स्कूबा करायचंय, कुणाला सायकल न्यायचीय, कुणाला कासवं बघायचीत, आणि एकानं विचारलंय की पावसाळ्यात बीच रिकामे असतात तर तेव्हाच का जाऊ नये. त्या शेवटच्या प्रश्नासाठी आजचा भाग करतोय, खरं तर. बाकीच्यांना उत्तर वाटेत मिळेल.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे कोण शहाणपण शिकवतोय ते कळेल. मी मूळचा साताऱ्याचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, पाट आणि कृष्णा. पोहायला विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून. मेकॅनिकलमध्ये बी.टेक. केलं आणि नोकरी लागली सॉफ्टवेअरमध्ये, जसं आपल्यातल्या निम्म्या लोकांचं होतं. फ्लुइड मेकॅनिक्सला चांगले मार्क होते. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्या मार्कांचा काहीही उपयोग झाला नाही.

ऑगस्ट २०१९. नोकरीला लागून दोन महिने झाले होते. त्या वर्षी पंधरा ऑगस्ट आणि नारळी पौर्णिमा एकाच दिवशी, गुरुवारी. शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस मोकळे. कोल्हापूर-सांगलीकडे त्याच महिन्यात महापूर येऊन गेला होता, त्यामुळे तिकडून जायचा प्रश्नच नव्हता. आम्ही पाच जण ताम्हिणी घाटातून उतरलो, माणगाव, महाड करत दापोली-गुहागर पट्ट्यातल्या एका किनाऱ्यावर. गावाचं नाव सांगत नाही, त्या गावाची काहीच चूक नव्हती.

आमच्यात माझा रूममेट होता. लातूरचा. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, आठवतं ना? तेव्हा हा इंजिनिअरिंगला होता आणि सुट्टीत घरी गेला की टँकरच्या रांगेत उभा राहायचा. त्यानं समुद्र कधी पाहिला नव्हता. गाडी शेवटच्या वळणावरून खाली उतरायला लागली आणि झाडांमधून पाणी दिसलं तेव्हा तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "एवढं?" बास, एवढंच.

गाडीत मी एक ज्ञान वाटलं होतं. नारळी पौर्णिमा झाली की समुद्र शांत होतो, म्हणून तर कोळी लोक नारळ वाहतात आणि होड्या काढतात. हे कुठून आलं माहीत नाही. शाळेत निबंधात लिहिलं होतं बहुतेक. ते पूर्ण खोटं नाही, पण शांत होतो म्हणजे त्या दिवसापासून उतरायला लागतो, नळ बंद केल्यासारखा थांबत नाही. आणि कोळी जातो तो तीस वर्षांचा अनुभव घेऊन जातो. आम्ही गेलो ते कोलंबीची थाळी खाऊन.

शनिवार, दुपारचे चार. पाऊस थांबला होता, ऊन आलं होतं. सगळीकडे फेसाळ लाटा फुटत होत्या आणि मध्ये एक पट्टा अगदी शांत दिसत होता. तिथे लाट फुटतच नव्हती. आम्ही काय केलं? तोच पट्टा निवडला. सेफ वाटला. तिघं गुडघाभर पाण्यात, मी कोरड्या वाळूवर फोन घेऊन.

माझ्याकडे तो व्हिडिओ आहे. एक्केचाळीस सेकंदांचा. पहिली पंधरा-सोळा सेकंदं तो लाटेकडे पाठ करून माझ्याकडे बघत हसतोय. मग एक लाट येते, तो बसतो, उठतो. पाणी आता कमरेपर्यंत आहे. मग छातीपर्यंत. तो चालत आत गेलेला नाही, जागेवरच आहे असं वाटतंय, पण मागे दिसणारे बाकीचे दोघं मोठे होत जातायत आणि तो लहान होत जातोय. एकोणिसाव्या सेकंदाला तो एक हात वर करतो. आणि व्हिडिओत माझा आवाज आहे, "परत कर, परत कर!" मला वाटलं पोझ देतोय.

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, "वाचवा" म्हणतो, हे आपण सिनेमात बघितलेलं. प्रत्यक्षात ओरडायला आधी श्वास लागतो, आणि तोंड पाण्याच्या वर येतं तेवढा वेळ श्वास घेण्यातच जातो. आवाजच येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोरगा खेळतोय.

मला कळलं तोवर तो बराच आत होता. मी पाण्याकडे धावलो. विहिरीतला पोहणारा ना मी! मागून कुणीतरी शर्टाला धरून मला अक्षरशः आडवं पाडलं. सुरूच्या बनात जाळं विणत बसलेले एक काका होते, पन्नाशीचे असतील. हातात दोरी आणि तेलाचा रिकामा कॅन, झाकण लावलेला. ते आमच्यासारखे समोरून घुसले नाहीत. किनाऱ्यानं तीस-चाळीस पावलं बाजूला धावले, जिथे लाटा धडाधड फुटत होत्या तिथून आत गेले. त्या लाटांमधून आडवे त्याच्याकडे. कॅन त्याच्या छातीखाली दिला. आणि परत येताना पुन्हा आडवेच, किनाऱ्याला समांतर, मग फुटणाऱ्या लाटांनीच दोघांना बाहेर टाकलं. दोरीचं टोक त्यांच्या मुलानं धरलं होतं, तो नववी-दहावीतला असेल.

रूममेट खोकत होता, पिवळा पडला होता, पण बोलत होता. आम्हाला वाटलं झालं, सुटलो. काका म्हणाले, आधी दवाखान्यात न्या, पाणी छातीत गेलं की रात्री त्रास होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याला रात्रभर ठेवून घेतलं. हे लक्षात ठेवा, कुणी पाण्यातून वाचून आलं आणि खोकला थांबत नसेल तर "आता बरा आहे" म्हणून हॉटेलवर नेऊ नका.

संध्याकाळी मी काकांकडे गेलो, पैसे द्यायला. हो, पैसे. त्या वयात तेवढंच सुचलं. त्यांनी पाकिटाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "घरात कॅलेंडर नाय काय रे तुमच्या?"

मला वाटलं ते रागानं काहीतरी बोलतायत. पण ते खरंच विचारत होते. भिंतीवर त्यांचं कॅलेंडर होतं, आपल्या सगळ्यांच्या आईच्या स्वयंपाकघरात असतं तसलं, दुधाचा हिशोब लिहिलेलं. त्यांनी त्या दिवसाच्या चौकटीवर बोट ठेवलं. "आज काय? वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट किती?" दीड. "दीड वाजता पूर्ण भरती. तुम्ही पाण्यात कधी गेलात? चारला. म्हणजे भर ओहोटीत. तेपण पुनवेच्या पाठची ओहोटी, उधाणाची. पाणी सगळं आत पळतंय आणि तुम्ही त्याच्या वाटेत उभे."

आता इथे जरा थांबतो, कारण हे गणित मला आयुष्यात शिकलेल्या कुठल्याही अल्गोरिदमपेक्षा आवडतं.

तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. तीन वाजता भरती, दुपारी आणि पहाटेपण. त्यात सहा तास मिळवा, नऊ वाजता ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधरा धरायचे, म्हणजे सव्वा अकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. आजोबांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असायची, त्यांना तर हे जिभेवरच होतं.

मी पुण्याला परत आल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल? स्क्रिप्ट लिहिली. वीसेक ओळींची. (हसतो.) दर दिवशी चंद्र साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीपण तेवढीच उशिरा येते. तिथी मात्र पूर्ण दिवसाची नसते, थोडी लहान असते, त्यामुळे दर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं धरायला हवीत. पाऊणपट म्हणजे पंचेचाळीस. दर तिथीला तीन मिनिटांची चूक, आणि पंधरा दिवसांत ती पाऊण तास होते. मग भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते असतात, त्यांच्याशी ताडून बघितलं. मुंबईला वेगळा फरक, खाली मालवणकडे वेगळा, खाडीच्या आत आणखी उशीर. एकूण काय, पाऊण-एक तास इकडेतिकडे होऊ शकतो. पाण्यात उतरायचं की नाही हे ठरवायला एवढं पुरतं. किल्ल्याच्या खडकावरून परत यायची वेळ काढायला पुरत नाही, तिथे तक्ता किंवा गावातला माणूसच.

पण वेळेपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे ते उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र-सूर्य एका रेषेत, ओढ मोठी, पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं. ते उधाण. सप्तमी-अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. आणि सगळ्यात मोठी भरती बरोबर पौर्णिमेला येत नाही, एक-दोन दिवसांनी येते. म्हणजे आमचा तो शनिवार! एखाद्यानं मुद्दाम शोधून काढला असता तर याहून वाईट दिवस आणि तास सापडला नसता. पावसाळा, उधाण, भर ओहोटी आणि तो शांत पट्टा.

तो पट्टा म्हणजे काय ते सांगतो. लाटा पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतात. त्या पाण्याला परत तर जायचंच असतं. ते वाळूतली खोलगट वाट शोधतं आणि सगळं त्या अरुंद वाटेनं आत पळतं. तिथे खोली जास्त म्हणून लाट फुटत नाही, म्हणून वरून शांत दिसतं. कधी गढूळ पाणी किंवा फेस आत जाताना दिसतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे पोहायचं नाही, तुम्ही दमाल आणि पाणी दमणार नाही. तरंगत राहायचं, आणि जमलं तर आडवं, किनाऱ्याला समांतर सरकायचं. ही ओढ तुम्हाला तळाला नेत नाही, बाहेर नेते आणि मग सैल पडते. बाहेर उभे असाल तर उडी मारू नका. दोरी, कॅन, रिकामी बाटली, बॅग, जे तरंगेल ते फेका, ११२ लावा आणि गावातल्या माणसाला हाक मारा.

तर पावसाळ्यात जाऊ का विचारणाऱ्या मित्रा, जा, पण समुद्राकडे पाठ करून जा. म्हणजे सड्यावर जा. कोकणात किनारा आणि डोंगर यांच्यामध्ये जांभ्याची पठारं आहेत, त्यांना सडा म्हणतात. मे महिन्यात काळी करपलेली, बूट वितळेल अशी तापलेली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच कातळावर बोटभर माती आणि पाण्याच्या पातळ थरात इवलीइवली फुलं, मैलभर. जांभ्यावर शेवाळ असतं, धावू नका. कड्याच्या टोकावर रील काढू नका, हे मी सांगायची वेळ येऊ नये. दर वर्षी साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात राज्यात प्रवासी बोटी आणि जलक्रीडा बंद असतात, मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते. जे लोक समुद्रावर पोट भरतात तेच होड्या वर ओढून, शाकारून घरी बसलेत, आणि आपण शॉर्ट्स घालून आत शिरतोय.

त्या घटनेनंतर मी कोकणात गेलोच नाही. मग लॉकडाऊन आलं. त्यानंतर जायला लागलो ते थोडं वेड लागल्यासारखंच, वेगवेगळ्या महिन्यांत. रूममेट एकदाही आला नाही. मी विचारायचो, तो म्हणायचा "ऑन-कॉल आहे." त्याची टीम ऑन-कॉल करतच नाही.

सगळ्यात जास्त कोकण मला कळलं ते सायकलवर, डिसेंबरमध्ये. अलिबाग ते मालवण. मॅपवर बघितलं तर वाटतं, समुद्राच्या कडेकडेनं सपाट रस्ता, मजेत जाऊ. अजिबात नाही. गावं सगळी खाली, खाडीच्या किंवा पुळणीच्या काठाला, नारळी-पोफळीत. गाव संपलं की रस्ता सड्यावर चढतो, वर दोन-चार किलोमीटर सपाट वारा, आणि पुन्हा उतार, पुन्हा गाव. दिवसभर हेच. मांड्या बोलायला लागतात. आणि डिसेंबर असला तरी अकरानंतर ऊन भाजतं, त्यामुळे पहाटे साडेपाचला निघायचं, दुपारी कुणाच्या तरी पडवीत झोपायचं, तीननंतर पुन्हा.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. यामागे कारण आहे. भूगोलात खारे वारे, मतलई वारे घोकले होते ना? सकाळी जमिनीवरून मंद वारा, दुपारी समुद्रावरून जोराचा. तो दुपारचा वारा या किनाऱ्यावर बहुधा वायव्येकडून येतो, म्हणजे खाली जाताना पाठीमागून ढकलतो. मला एक जोडी उलटी येताना भेटली, मालवणहून अलिबागला. त्यांनी माझ्याशी बोलायलासुद्धा सायकल थांबवली नाही.

वाटेत खाड्या आडव्या येतात. पूल नसेल तिथे फेरीबोट. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. बोटीत ट्रक, टमटम, माशाच्या टोपल्या, लग्नाचं वऱ्हाड आणि तुम्ही. प्रवासातली सगळ्यात चांगली विश्रांती हीच. शेवटची बोट किती वाजता ते दुपारीच विचारून ठेवा, नाहीतर समोर दिसणारं गाव गाठायला शंभरेक किलोमीटरचा वळसा पडू शकतो. सुट्टे पैसे ठेवा. खाडीच्या मध्यात यूपीआय फिरत बसतं.

हरिहरेश्वरला मी त्या प्रवासात एक फजिती करून घेतली. देवळामागे प्रदक्षिणेची वाट आहे, पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या खडकांवर जाते, लाटांनी कोरलेल्या भिंतीखालून. विलक्षण जागा आहे. पण ती वाट ओहोटीचीच. मी माझ्या स्क्रिप्टचा आकडा बघून रुबाबात निघालो. वरच्या फुलवाल्या मावशींनी विचारलं, "कुठं?" मी वेळ सांगितली. त्यांनी खाली नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "पाणी लागलंय वर यायला. उद्या सकाळी जा." मी स्क्रीन दाखवणार होतो. मग मला तो शनिवार आठवला आणि मी फोन खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. आदल्या दिवशी मी ज्या खडकावर उभा राहणार होतो तो कमरेएवढ्या ओल्या खुणेच्या खाली होता.

डिसेंबर ते फेब्रुवारी म्हणजे पाण्याखालचे दिवस. पावसानं नद्यांतून आणलेला गाळ बसायला नोव्हेंबर उजाडतो, मग पाणी स्वच्छ होत जातं. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास, तारकर्लीला स्कूबा करतात ते तेव्हा चांगलं. हा सगळा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे प्रवाळाला हात लावू नका, फोटोसाठी तर नाहीच. सर्दी असेल तर पाण्याखाली जाऊ नका, कान मोकळे होत नाहीत आणि भयंकर दुखतात. मी हे सर्दी असताना जाऊन शिकलो. आणि बोटीवर लाइफ जॅकेट नुसतं अंगात अडकवलेलं नको, बक्कल लावा. एका ठिकाणी आम्हाला "दहाच मिनिटं तर जायचंय" म्हणाले. आम्ही उतरलो. पैसे गेले, जाऊ देत.

कयाकिंगचं एक सांगतो आणि पुढे जातो. खाडीत, कांदळवनातून, सकाळी. माझ्या मते कोकणातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आणि सगळ्यात शांत. फक्त भरतीबरोबर आत जा आणि ओहोटीबरोबर बाहेर या. आम्ही बगळे बघत बसलो, पाणी निघून गेलं आणि आम्ही दोन तास चिखलात, कयाकमध्ये बसून. उतरलं तर मांडीपर्यंत चिखल. खेकडे आमच्याकडे बघत होते. तेव्हा हसलो, कारण भांग होता, ऊन कोवळं होतं आणि कुणाचा जीव जात नव्हता.

हिवाळा म्हणजे सुरक्षित असंही समजू नका हं. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला पुण्याहून सहलीला आलेली दहाहून जास्त मुलं-मुली बुडाली. फेब्रुवारीत. आकाश निळं असतं तेव्हाही ओहोटी ओहोटीच असते.

मे महिन्याबद्दल फार बोलत नाही. आंबा, करवंद, गर्दी, ट्रॅफिक. एक गोष्ट मात्र कराच, पहाटे उठून कातळशिल्पं बघा. रत्नागिरी-राजापूर भागात उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, सड्यावर कोरलेली प्रचंड चित्रं आहेत, हजारो वर्षांपूर्वीची. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा की जमिनीवरून एका नजरेत मावत नाही, आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी कोरलेत. सूर्य तिरपा असेल तेव्हाच रेषा उठून दिसतात. दहा वाजता गेलात तर काळा दगड आणि डोकेदुखी. मेच्या शेवटाकडे समुद्राचा रंग बदलतो, पावसाच्या आधीच दुरून मोठ्या लाटा यायला लागतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचा इशारा देते, तो फोनवर बघता येतो. हवामानाच्या ॲपमध्ये नुसता सूर्य दिसतो म्हणून जाऊ नका.

आता शेवटचं. वेळास.

मंडणगड तालुक्यातलं गाव, नाना फडणवीसांचं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत इथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ही अंडी कुत्रे, कोल्हे आणि माणसं खायची. २००२ च्या सुमाराला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं काम सुरू केलं, गावकऱ्यांनी ते उचललं, २००६ पासून कासव महोत्सव होतो. अंडी कुंपणात तसाच खड्डा करून ठेवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात, आणि सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती पाण्याकडे सोडतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात, हे मला तिथेच कळलं. २०२२ च्या जानेवारीत इथल्याच एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं, तिचं नाव प्रथमा. आणि २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. म्हणजे पूर्वेच्या समुद्रातून पश्चिमेला. तिचा रूट मी मॅपवर काढून बघितला आणि मग सायकलचे फोटो टाकायची लाज वाटली.

यंदाच्या मार्चमध्ये मी रूममेटला म्हटलं, चल. पाण्यात जायचं नाही, दोरीच्या मागे उभं राहायचं असतं, गावकरी पुढे जाऊच देत नाहीत. तो तीन दिवसांनी "येतो" म्हणाला. पहिल्या संध्याकाळी एकही पिल्लू निघालं नाही. असं होतं, कासव तुमचं बुकिंग बघत नाही. रात्री ज्यांच्याकडे राहिलो त्यांच्या ओटीवर कॅलेंडर होतं. तो जेवून हात धुऊन आला आणि त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर. थंडी होती थोडी. तो म्हणाला, "आज अष्टमी. आठ पाऊण सहा. सहाला भरती होऊन गेली, आता ओहोटी लागली असेल." मी काही बोललो नाही. हे गणित मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. तेव्हा दवाखान्यात त्याच्या खाटेशेजारी बसून काका त्याच्याशी काय बोलत होते, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

मग तो म्हणाला, "तो व्हिडिओ आहे का अजून?"

आहे. मी तो चार फोन बदलून जपलाय आणि कुणाला दाखवलेला नाही. त्याला काय सांगावं कळेना. अनलॉक करून फोन त्याच्या हातात दिला. त्यानं पूर्ण बघितला, एक्केचाळीस सेकंदं. परत पहिल्यापासून लावला. दुसऱ्यांदा बघताना फोन कानाला लावला.

"यात आवाज फक्त तुझाच आहे रे," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. त्यानं फोन माझ्या खिशात सरकवला. तेवढ्यात पुढे गडबड झाली, टोपली आली होती. आम्ही दोरीपाशी गेलो. त्यानं चपला काढून हातात घेतल्या.

चला, थांबतो. पुढच्या भागात पाहुणे आहेत, ऑडिओपण बरा असेल. प्रश्न पाठवत राहा, आणि जायची तारीख कळवताना तिथीपण कळवा.